न चावलेली चप्पल

।। श्री जोतिबा प्रसन्न ।।

राजारामपुरी, कोल्हापूर
२६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आक्कास,
धाकट्या धैर्यशीलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी थापा मारतो, कागदावर मारता येत नाहीत, म्हणून पत्रच लिहायचं हा तुझा हुकूम मी इमानानं पाळतोय. आमच्या पोस्टमनला मात्र वाटतं की माझी आजऱ्याच्या कोर्टात केस चालू आहे. तो रोज सहानुभूतीनं बघतो, मीही खुलासा करत नाही.

इकडे सर्व क्षेम. गेल्या शुक्रवारी वारणानगरला केरबाच्या मुलीचं लग्न झालं. केरबा म्हणजे तोच, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर तपासायचो तेव्हा शेजारच्या खात्यात बसून माझ्या नावानं शंख करायचा तो. रिटायर झाल्यावर आता गळ्यात गळा घालतो. लग्नासाठी म्हणून मी चप्पल लाईनीत जाऊन नवी कोल्हापुरी घेतली. तेल पाजून मऊ करायला वेळच नव्हता, तशीच कोरी पायात घातली. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत पायातून काढली नाही. आणि आक्का, ती चावली नाही! अंगठ्याला नाही, टाचेला नाही, कुठेच नाही. सगळ्या मांडवाला मी पाय उचलून दाखवला. केरबाचा थोरला भाऊ म्हणाला की पावणं, ह्यो नाद खुळा कारागीर हाय, त्याचा पत्ता द्या. त्या कारागिराला मी पेढे नेऊन देणार आहे. पेढे त्याला, मला नव्हेत, तू उगाच डोळे वटारू नकोस.

दुसरी बातमी पायांचीच. माझे तळपाय जळतात हे तुला माहीत आहेच. साखरेनं पायांच्या नसा खराब झाल्यात, असं आमच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं. अंगावरची चादर पायाला लागली तरी नको होतं. गोळ्या घेतो, त्यांनी रात्री झोप येते आणि दुपारी पेपर वाचतानाही येते. लग्नात केरबानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या व्याह्यांनी पुण्यात पायांच्या नसांचं ऑपरेशन करून घेतलं आणि आता ते पर्वती चढतात. मला एकदम पटलं. कारखान्यात रसाच्या नळ्यांत थर साचला की आम्ही दोनच गोष्टी करायचो. औषध टाकून उकळायचं, नाहीतर नळी उघडून ब्रशनं खरवडायचं. उकळून झालं, आता खरवडायचं. आयुष्यभर गोळ्या गिळण्यापेक्षा एकदाच काय ती कापाकापी करून मोकळं व्हावं, असं मी ठरवलंय.

काजू कसा येतोय यंदा? मोहोर आला का? तुझ्या शेडवरच्या धोंडुबाईला नमस्कार सांग.

गोड कमी कर, भात कमी कर, असं सगळं कमी करायला सांगतेसच. लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझा,
धैर्यशील

।। श्री ।।

आजरा
२ डिसेंबर २०२४

चि. धैर्यशील यास,
आक्काचे अ. उ. आ.

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकले, कारण पुढे सगळ्या शिव्या आहेत.

अरे शहाण्या, नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी चावत नाही असं कधी झालंय का? आपल्या आबांना चावली, तुझ्या भावजींना लग्नात चावली तेव्हा ते बोहल्यावर लंगडत आले आणि माझ्या सासूबाईंना वाटलं मुलाचा पाय अधू आहे हे आपण इतकी वर्षं बघितलंच नाही. कोल्हापुरी चावणारच, तो तिचा धर्म आहे. ती चावली असणार, तुला कळलं नाही. कारागिराला पेढे नंतर दे. आधी उन्हात खुर्ची टाकून बस आणि निशिगंधाला पाय उलटा करून बघायला सांग. तुझं पोट मध्ये येतं, तुला स्वतःला तळपाय दिसायचा नाही. हे पत्र वाचून झाल्याबरोबर बघायचं, चहा नंतर.

आणि ऑपरेशनचं नाव पुन्हा काढू नकोस. आबांचं विसरलास? बोटाला जखम झाली, बरी होईना, मग आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याच्या वर. तू तेव्हा कॉलेजला होतास. मी माहेरी येऊन राहिले होते, त्यांची लुंगी मी बदलायची. रिकाम्या जागेवर हात फिरवून ते मला पाय खाजव म्हणायचे. माझ्या भावाच्या पायाला कुणी सुरी लावलेली मला चालणार नाही, मग ते पुण्याचे असोत नाहीतर विलायतेचे. मला भीती वाटते. एवढं सरळ लिहिते, म्हणजे तुला थट्टा करायला जागा राहणार नाही.

माझेही पाय तुझ्यासारखेच जळायचे. मी गडहिंग्लजच्या डॉक्टरांच्या साखरेच्या गोळ्या घेते आणि धोंडुबाईकडून काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेते, तूप लावून. वर्षभरात जळणं आपोआप थांबलं. आता तक्रारच नाही. दिवसभर काजू फोडायच्या यंत्रावर बसते, पायानं दांडा दाबते, काही होत नाही. तुला वाटी पाठवू का?

लोभ आहे म्हणून एवढं खडसावलं. नसता तर तुझी चप्पल छान आहे असं लिहून मोकळी झाले असते.

तुझी,
आक्का

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

कोल्हापूर
१४ डिसेंबर २०२४

ती. आक्कांना,
निशिगंधाचा सा. न. वि. वि.

यांनी लिहायचं टाळलंय, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र आलं आणि चहा बाजूला ठेवून मी यांना उन्हात बसवलं. हे सारखे म्हणत होते की आक्काला चपलेतलं काय कळतं. पाय उलटा केला. उजव्या टाचेच्या कडेला आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोलून आत लालभडक जखम. एक तर चिघळायला लागली होती. त्याच पायानं हे रोज रंकाळ्याला फेरी मारून येत होते. मी मोबाईलवर फोटो काढून दाखवला तर म्हणाले की हा माझा पाय नाही.

लगेच गेलो. डॉ. प्रियदर्शनी म्हणून पोरसवदा डॉक्टर आहेत, पण जरब तुमच्यासारखी. त्यांनी यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्यानं पायाला जागोजागी स्पर्श केला, लागलं की हो म्हणा असं सांगून. हे आपले ठरावीक वेळानं हो, हो म्हणत राहिले. मी बघत होते, बाईंनी निम्म्या वेळा दोरा लावलाच नव्हता. डोळे उघडल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा यांचा चेहरा बघवत नव्हता. जळतंही आणि कळतही नाही, हे दोन्ही एकाच पायात असतं, असं त्या म्हणाल्या.

यांनी नळ्या खरवडायचा सिद्धान्त त्यांनाही ऐकवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की नस म्हणजे नळी नव्हे, विजेच्या वायरसारखं समजा. साखरेनं वायर आतून खराब होते, ती खरवडून नवी होत नाही. गोळ्या जळणं कमी करतात, गेलेली जाणीव परत आणत नाहीत. साखर आटोक्यात ठेवली तर बिघाड पुढे सरकायचा थांबतो किंवा मंदावतो. रक्तात बी-बारा कमी निघालं, साखरेच्या गोळ्या खूप वर्षं घेतल्यावर तसं होतं म्हणे, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत. झोप आणणारी गोळी बदलली.

ऑपरेशनसाठी त्यांनी इथल्याच एका सर्जनकडे पाठवलं. ते म्हणाले की घोट्याच्या आतल्या बाजूला नस एका अरुंद वाटेतून जाते. साखरेच्या माणसाची नस सुजते आणि त्या वाटेत चिमटते. ती वाट मोकळी करायची, एवढंच ते ऑपरेशन. पण नस तिथं चिमटली असेल तरच त्याचा विचार करायचा. त्यांनी बोटानं घोट्यामागं टिचक्या मारल्या. उजव्या पायात अंगठ्यापर्यंत झिणझिणी गेली, डाव्यात काहीच नाही. म्हणजे झालंच तर उजव्या पायाचं. यांनी विचारलं की गॅरंटी किती? सर्जन म्हणाले की कुणाला चांगला आराम पडतो, कुणाला नाही, आणि सरसकट सगळ्यांचं करावं का यावर आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. आधी जखम भरू दे, तीन महिन्यांची सरासरी साखर खाली येऊ दे, मग बोलू. पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे, एवढी देवाची कृपा.

घरी आल्यापासून हे गप्प आहेत, आक्का. कोल्हापुरी माळ्यावर टाकली. परवा मलम लावताना म्हणाले की आबांचंही असंच चालू झालं असेल. मी पाय तेवढा धरून बसले.

तुम्ही चप्पल ओळखलीत म्हणून वेळेवर कळलं. तुमचे उपकार लिहून फिटायचे नाहीत. तुमचा लोभ आहेच, पण यांच्यावर धाक त्याहून जास्त असू द्यावा.

आपली,
निशिगंधा

।। श्री जोतिबा प्रसन्न ।।

कोल्हापूर
१६ मार्च २०२५

ती. स्व. आक्कास,
धैर्यशीलचा सा. न. वि. वि.

गप्प बसलो म्हणून तुला काळजी वाटली असेल, म्हणून आता तोंड भरून बोलतो. जखमा भरल्या! डॉक्टरीणबाईंनी स्वतः टाळी दिली. तीन महिन्यांची साखर इतकी उतरली की कारखान्यात असा ऊस आला असता तर मी गाडी परत पाठवली असती. पायात आता रुंद तोंडाचे बूट घालतो. नंदीबैलासारखा दिसतो असं निशिगंधा म्हणते, म्हणू दे.

आता मुद्दा. सर्जननी उजवा पाय पुन्हा तपासला. नस चिमटलेली आहे हे त्यांनी यंत्रावर बघूनही ठरवलं. ऑपरेशन करता येईल, नाही केलं तरी चालेल, निर्णय तुमचा, असं म्हणाले. मी म्हटलं की साहेब, असला अहवाल मी कारखान्यात दिला असता तर एमडींनी मला बाहेर काढलं असतं. ते म्हणाले की ऊस बोलत नाही, पेशंट बोलतो, म्हणून विचारतो.

मी विचार केला आणि मला माझ्यातला लॅबवाला सापडला. आक्का, उजव्या पायाचं ऑपरेशन आणि डावा नुसता गोळ्यांवर! खाणं तेच, साखर तीच, माणूस तोच. कुठल्या पायाला जास्त आराम पडतो हे बघायला याहून चोख सोय कुठे मिळणार? डॉ. प्रियदर्शनींना सांगितलं तर त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या की एका माणसाच्या दोन पायांवरून जगाचं काही ठरत नसतं, पण तुमचं मन रमत असेल तर नोंद ठेवा.

गंमत बाजूला ठेवून लिहितो. मलाही भीती वाटते. आबांचा पाय माझ्याही डोळ्यांसमोर येतो. पण उजवा पाय डाव्यापेक्षा खूप जास्त जळतो आणि गोळीचा डोस आता वाढवला तर मी दिवसभर पेंगणार. मला करून बघायचंय. तुझा आशीर्वाद घेतल्याशिवाय मात्र टेबलावर झोपणार नाही. पाडव्याला दोघं आजऱ्याला येतो. पुरणपोळी अर्धी कर, माझी.

लोभाला पथ्य नसतं, तो भरपूर वाढावा.

तुझा,
धैर्यशील

।। श्री ।।

आजरा
४ एप्रिल २०२५

चि. धैर्यशील यास,
आक्काचे आशीर्वाद.

पाडव्याला आलात, घर भरल्यासारखं वाटलं. निशिगंधानं धोंडुबाईला मोबाईलवर मंगळसूत्रांचे फोटो दाखवले, ती अजून त्यावरच बोलते. तू खरंच अर्धी पोळी खाल्लीस. मला आनंद झाला, पण उरलेली अर्धी कुणाला द्यावीशी वाटेना.

तुला ऑपरेशनला नाही म्हटलं, अजूनही नाहीच म्हणते. तू रागावणार हे मला माहीत होतं. पण धैर्या, एवढा राग? जन्मल्यापासून तू कधी माझ्या पाया पडल्याशिवाय निरोप घेतला नाहीस. माझं लग्न होऊन मी निघाले तेव्हा तू चड्डीवर होतास, गाडीच्या मागे पळत आलास आणि गाडी थांबवून पाया पडलास. भावजी गेले त्या दिवशी रडत रडत पडलास. आणि परवा तू न पडताच गाडीत जाऊन बसलास, काचही वर केलीस. मी दारात हात वर करून उभी होते.

मोठी म्हणून माझा मान ठेव असं मी म्हणत नाही. पण मला वाईट वाटलं. भांडायचं असेल तर पत्रात भांड, माझी हरकत नाही. दारात असं करू नकोस.

काजू चांगला उतरलाय. धोंडुबाईचा दमा बरा आहे. माझा लोभ काही काचेआड जायचा नाही, तुझं काय ते कळव.

आक्का

कोल्हापूर
८ एप्रिल २०२५

ती. स्व. आक्का,
सा. न. वि. वि.

आक्का, मी पाया पडलो होतो.

तू शेडच्या उंबऱ्यावर उभी होतीस. ओला काजू सावलीत पसरलाय म्हणून मागे वळून आत धोंडुबाईला ओरडत होतीस. मी वाकलो आणि दोन्ही हातांनी तुझे पाय धरले. तू आशीर्वाद दिला नाहीस. मला वाटलं, ऑपरेशनचा राग आहे. मग मी खाली बसलो आणि कपाळ टेकवलं, तुझ्या दोन्ही पायांवर. बराच वेळ टेकवून राहिलो. वरून तुझा आवाज येत होता, की बया, त्यो काजू उन्हात वढ की. तू मुद्दाम बघत नाहीस, असं मला वाटलं. उठलो, गाडीत बसलो, काच वर केली. बहीण एवढी कशी कठोर झाली, याचंच दुःख करत आलो.

तुझं पत्र मी निशिगंधाला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तू न पडताच गाडीत जाऊन बसलास, या वाक्याशी थांबलो. तिनं मला वाकताना बघितलं होतं. तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं.

आक्का, तुझं जळणं थांबलं ते काशाच्या वाटीनं नव्हे ग. मी डॉ. प्रियदर्शनींना विचारलं. त्या म्हणाल्या की साखर तशीच असताना जळणं आपोआप थांबलं तर खूश व्हायचं नसतं, आधी पाय तपासायचे असतात. माझी चप्पल तुला तिथं आजऱ्यात बसून कळली, आणि तुझे पाय मी हातात धरले तरी मला कळलं नाही. मी तुझ्यावर रुसून निघून आलो. मला फार वाईट वाटतंय आणि फार भीती वाटते आहे, माझ्या पायाची वाटली नाही एवढी.

माझ्या ऑपरेशनची तारीख मी पुढे ढकललीय. तुला तपासल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. गाडी घेऊन रविवारी येतो, तयार राहा. तोवर यंत्रावर बसायचं नाही. काजूच्या टरफलाचा चीक कातडं जाळतो, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. धोंडुबाईला आजच तुझे पाय उलटे करून बघायला सांग. चहा नंतर.

लोभ धरून बसलोय, तू फक्त ये.

तुझा,
धैर्या

।। श्री ।।

आजरा
११ एप्रिल २०२५

चि. धैर्या,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचून मी तुझ्यावर चिडले. मला वाटलं, काच वर केल्याची लाज वाटून तू नवीन थाप रचलीस. मग आठवलं, कागदावर तुला जमत नाही.

धोंडुबाईला बोलावलं. डोळे मिटून पाय लांब करून बसले आणि तिला म्हटलं, खराट्याच्या काडीनं टोच. बराच वेळ झाला तरी ती काही करेना. मी म्हटलं, अगं सुरू कर. तर ती रडवेली होऊन म्हणाली की आक्का, मी कवाधरनं टोचालोय की.

डाव्या तळव्याला चिकाचे काळे डाग आहेत, त्यातला एक फुटलाय. लहान आहे. धोंडुबाईनं धुऊन स्वच्छ फडकं बांधलं. घाबरू नकोस, मीही घाबरायचं नाही असं ठरवलंय, पण ते अजून जमलेलं नाही. काल गडहिंग्लजच्या डॉक्टरांनाही दाखवून आले. बरं झालं वेळेत आलात, असं म्हणाले. मी म्हटलं, मी आले नाही, भावानं लोटली.

तुझ्या उजव्या पायाचं तू आणि ते सर्जन ठरवा. माझी हरकत नाही. इतके दिवस मी सुरीला नाही म्हणत होते, पण दोन दिवस विचार केल्यावर कळलं. आबांचा पाय सुरीनं गेला नाही. तो आधी कुणी उलटा करून बघितला नाही म्हणून गेला. ऑपरेशन झालं की डाव्या-उजव्याचा तुझा हिशेब मला कळव, मी दोन्ही पायांना सारखंच ओवाळीन. माझ्या घोट्यावरही टिचक्या मारू देत त्यांना. झिणझिणी आली तर आली, नाही तर तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या, पथ्य आणि निशिगंधाचं उन्हातलं खुर्चीवर बसवणं. तिला म्हणावं, आता दोन खुर्च्या टाक. पोट माझंही मध्ये येतं.

यंत्राला कुलूप घातलं आहे. काजू फोडायला धोंडुबाईची जाऊ येते. पिशवी भरून ठेवलीय. रविवारी लवकर ये, जेवायला इथंच.

आल्यावर नेहमीसारखा दारातच वाकशील, ते मला माहीत आहे. तेवढा लोभ असू दे, पण आधी मला हाक मार. मी खाली बघते, मग वाक.

तुझी,
आक्का